नेर्हातला फेरसामना

रविवार, १५ ऑक्टोबर २०१७

बरोबरी! साठ मिनिटे, वर चार मिनिटे वाढीव, आणि बरोबरी! पंच गाढव आहे. शेवटचा मोकळा फटका त्याने बालीकॅरनला कोणत्या नियमाखाली दिला, ते त्याने मला पुस्तक उघडून दाखवावे. दाखवता येणार नाही, कारण तसा नियम नाही.

किल्टूमीचा संघ एक्कावन्न वर्षांनी क्लेअर काउंटीच्या हर्लिंगच्या अंतिम सामन्यात उतरला. मी बहात्तर वर्षांचा आहे. पुढचा अंतिम सामना मी पाहणार नाही, एवढे गणित मला येते. फेरसामना पुढच्या रविवारी, बावीस तारखेला. आणि परवा, मंगळवारी, बायको, अट्रॅक्टा, मला आठ दिवस स्पेनला नेणार! तिच्या गुडघ्यांना ऊन हवे आहे. ही तारीख तिनेच ठरवली — सामना संपल्यावर निघू, म्हणजे तुझी कटकट नको, म्हणून. सामना मात्र संपला नाही.

मी म्हणालो, तू एकटी जा. ती म्हणाली, "मालॅकी, सेहेचाळीस वर्षं मी तुझे रविवार सांभाळले. हा एक माझा."

गुडघे तिचे, वनवास माझा.


मंगळवार, १७ ऑक्टोबर. नेर्हा.

विमानात शेजारी बसलेला मनुष्य पूर्ण वाक्यात बोलत नव्हता. तीन तासांत एकही क्रियापद नाही.

क्लबचा चिटणीस फ्लॅन निघताना म्हणाला होता, "मास्तर, काळजी कशाला करता? फोनवर दिसेल की!" हॉटेलात पोहोचताच फोन केला, तेव्हा त्याच फ्लॅनने माहिती पुरवली की परदेशात हा सामना फक्त बारना विकला आहे, खासगी फोनवर दिसणार नाही. "पण मास्तर, स्पेनमध्ये आयरिश बार काय कमी आहेत? दगड मारा, एक फुटेल!"

हा माझा विद्यार्थी. चौथीत दोन वर्षे होता. एकच वर्ष मागे ठेवला ही माझी चूक नव्हे, हे येथे नमूद करतो.


बुधवार, १८ ऑक्टोबर

सकाळी अकरा वाजता शोध सुरू केला.

पहिला बार. दारावर आयर्लंडची खूण म्हणून वीणा, भिंतीवर गंजकी सायकल, छताला दुधाचे डबे टांगलेले. आमच्या घरी दुधाचे डबे गोठ्यात असत. आठ टीव्ही. आठांवर इंग्रजांचा फुटबॉल — तोही जुना सामना, पुन्हा दाखवलेला! आत उभा असलेला तरुण चक्क डब्लिनचा निघाला. मी विचारले, रविवारी साडेतीनला क्लेअरचा अंतिम फेरसामना लावणार का? तो म्हणाला, "हर्लिंग? काठ्या घेऊन एकमेकांना बडवतात ते? आमच्याकडे खेळत नाहीत आजोबा. आम्ही सभ्य वस्तीतले."

दुसरा बार. रग्बीचे सदरे काचेत, संतांच्या अस्थी ठेवाव्यात तसे. बाहेरच्या फळ्यावर पाच शब्द, त्यांत तीन चुका. आत गेलो नाही. ज्याला स्वतःच्या मालाचे नाव लिहिता येत नाही, तो मला सामन्याची वेळ काय सांगणार!

तिसरा बार. मालक मँचेस्टरचा. डोक्यावर हिरवी टोपी.

"रविवारी साडेतीनला माझ्याकडे ऐंशी माणसं फुटबॉल बघायला बसतात, साहेब. तुमच्या त्या खेळाला कोण येईल?"

"मी."

"तुम्ही काय पिता?"

"चहा."

तो इतका हसला की टोपी पडली. मी ती उचलून दिली नाही.


गुरुवार, १९ ऑक्टोबर

सात बार. सात नकार. उजव्या टाचेला फोड.


शुक्रवार, २० ऑक्टोबर

अट्रॅक्टा समुद्रावरून आली ती लाल होऊन — उन्हाने असेल असे वाटले. मग म्हणाली, "तुझा सामना सापडला."

वाळूवर तिच्या शेजारच्या खुर्चीत कार्मेल नावाची एक बाई होती. आई इथली, बाप क्लेअरचा. चर्चच्या मागे, चढावर, तिच्या बापाचा बार आहे. काउंटीचा प्रत्येक सामना लागतो, क्लबांचेसुद्धा. रविवारी तर गर्दी होणार, म्हणून ती खुर्च्या मागवत होती.

"बापाचं नाव काय?" मी विचारले.

अट्रॅक्टाने टॉवेल झटकला, घडी घातली, पुन्हा उलगडला. "मॉसी हॅलरन. आपला मॉसी."

आपला! एक्कावन्न वर्षांत त्याचे नाव आमच्या घरात उच्चारले गेले नव्हते, आणि पहिल्याच उच्चारात तो 'आपला'!

मी म्हणालो, सामना गेला खड्ड्यात. ती म्हणाली, "गेला तर जाऊ दे. मला वाळूवर जास्त वेळ मिळेल."

येथे वस्तुस्थिती लिहून ठेवतो, म्हणजे मनात घोळणार नाही. १९६६ साली आमच्या आयरिश खेळांच्या संघटनेचा नियम असा होता की सभासदाने परदेशी खेळ खेळू नये आणि पाहूही नये. फुटबॉल, रग्बी, क्रिकेट, हॉकी. जो पाहील तो निलंबित. पाहणाऱ्यांची नावे टिपण्यासाठी दक्षता समिती असे. मी त्या समितीत होतो. एकवीस वर्षांचा होतो, ऑगस्टअखेर डब्लिनच्या अध्यापक विद्यालयातून परतलो होतो, आणि गावच्या शाळेत एक जागा भरायची होती. क्लबचे अध्यक्ष फादर क्विनलिवान. शाळेचे व्यवस्थापकही तेच. सप्टेंबरातल्या पहिल्या रविवारी लिमरिकला फुटबॉलचा मोठा सामना होता आणि मॉसी आठवडाभर दुग्धालयाच्या दारात सांगत होता की आपण बसने जाणार, कुणाला काय करायचे ते करा. मंगळवारी, मॉसी तेथे हजर होता असा माझा अहवाल काउंटी समितीपुढे वाचला गेला. तो मान्य झाला. मॉसीला सहा महिने निलंबन. ऑक्टोबरातला अंतिम सामना किल्टूमीने एका गुणाने गमावला. मोकळे फटके मॉसी मारत असे. त्या दिवशी दुसऱ्याने मारले, आणि पाच वाया गेले. जानेवारीत मॉसी लंडनला विटा वाहायला गेला.

त्याचा बचाव असा होता: बस वेळेआधी निघून गेली, मी चौफुल्यावर आलो तेव्हा बस नव्हती, मी सायकल फिरवून घरी परतलो. समिती हसली. आमच्या भागात बस वेळेआधी सुटल्याचे कुणी ऐकले नव्हते. साक्षीदार? नव्हता. साक्षीदार नसलेले विधान म्हणजे बचाव नव्हे.

पाच वर्षांनी नियम रद्द झाला. दुबळ्या माणसांनी केला. पण नियम असताना तो नियमच होता.


शनिवार, २१ ऑक्टोबर

जाणार नाही.

दुपारी औषधांच्या दुकानात टाचेसाठी पट्टी घ्यायला गेलो. दुकान चर्चच्या बाजूला आहे. तेथून चढ दिसतो. चढावर गेलो ते केवळ पट्टी नीट बसली का हे पाहण्यासाठी.

बार लहान आहे. दारावर वीणा नाही, सायकल नाही. फळा: 'रविवार, दुपारी साडेतीन. किल्टूमी विरुद्ध बालीकॅरन. काउंटी अंतिम फेरसामना. लहान मुलांना व बालीकॅरनच्या लोकांना मोठ्यांच्या सोबतीशिवाय प्रवेश नाही.'

चारदा वाचला. एकही चूक नाही. संताप आला.


रविवार, २२ ऑक्टोबर

गेलो. संध्याकाळचे आठ वाजले आहेत, अट्रॅक्टा पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली आहे. क्रमाने लिहितो.

पावणेतीनला ती पायरीवर पुढे, मी मागे. आत तीसेक माणसे. क्लेअरचे सदरे. दोन टीव्ही: मोठ्यावर काउंटीचे मैदान, क्लेअरमध्ये पाऊस — आणि भिंतीवरच्या लहान टीव्हीवर इंग्रजांचा फुटबॉल, आवाज बंद. गल्ल्यामागे मॉसी. केस पांढरे, खांदे तसेच. हातात काठी आहे, पण तिच्यावर भार देत नाही, ती रोखतो.

मला पाहताच त्याने ती फुटबॉलकडे रोखली.

"आलात मास्तर! पण आत यायच्या आधी बघून घ्या हं — परदेशी खेळ चालू आहे. नंतर म्हणाल, मला ठाऊक नव्हतं."

सगळे वळून पाहू लागले. मी म्हणालो, मी फेरसामना पाहायला आलो आहे.

"मीसुद्धा लिमरिकला काही बघायला गेलो नव्हतो," तो म्हणाला. "पण बघितलं असं ठरलं. तुमच्याच तोंडून."

कोणीतरी हसले. बालीकॅरनचे असणार.

कार्मेल पुढे आली, अट्रॅक्टाला मिठी मारली. "बाबा, पुरे! पाहुणे आहेत."

"पाहुण्या बाई आहेत. हे पाहुणे नव्हेत, हे निरीक्षक आहेत. निरीक्षकाला टेबल दे. दोन्ही टीव्ही दिसतील असं दे."

बसलो. चहा आला. चहासोबत त्याने स्वतः आणून एक शाळेची वही ठेवली, कोरी, आणि टोक काढलेली पेन्सिल.

"कामाला लाग," तो म्हणाला. येथून पुढे 'तू'. "ते सहाजण बघ, तिरक्या नजरेनं फुटबॉल बघतायत. तो लाल शर्टवाला तर सरळच बघतोय. नावं मी सांगतो, स्पेलिंग तू बघ."

"मॉसी, बस कर," अट्रॅक्टा म्हणाली.

"तू कशी आहेस ग?" त्याचा आवाज एकदम बदलला. "गुडघे म्हणे?"

"गुडघेच. आणि हा."

तो हसला. मी पेन्सिलीला हात लावला नाही.

सामन्याबद्दल लिहावेसे वाटत होते, पण आता थोडक्यात लिहितो. पहिल्या अर्ध्यात आम्ही चार गुण मागे. मैदानात चिखल, चेंडू उचलला जाईना. मॉसी गल्ल्यामागून ओरडत होता — "पाय! अरे पाय हलव, झाड आहेस का?" — आणि मी नेमके तेच ओरडणार होतो, म्हणून गप्प बसावे लागले. दुसऱ्या अर्ध्यात गोल झाला, म्हणजे तीन गुण. मी उभा राहिलो. चहा सांडला. कार्मेलने पुसला. अठ्ठावन्नाव्या मिनिटाला बरोबरी.

मग मोकळा फटका. डावी बाजूरेषा, साठ यार्ड, वारा तोंडावर. आमच्या चौदा नंबरने चेंडू ठेवला. मॉसी गल्ल्यामागून बाहेर आला आणि माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. त्याला दुसरीकडे जागा नव्हती असे नाही.

हळू म्हणाला, "याच कोनातून मारायचो रे. अख्खा ऑगस्ट. धारा काढल्यावर, अंधार पडेपर्यंत."

चेंडू गेला. आडव्या दांड्यावरून, म्हणजे एक गुण. एका गुणाने जिंकलो.

एक्कावन्न वर्षे! माणसे टेबलांवर चढली. बालीकॅरनवाले दाराकडे गेले. मी रडत होतो, हे लिहायला हरकत नाही, येथे कोणी वाचणार नाही. खांद्यावर एक हात पडला, जड, ओला. वर पाहिले तर मॉसी, तोही रडत होता. त्याच्या लक्षात आले की हात कोणाच्या खांद्यावर आहे. त्याने तो काढून घेतला आणि विजारीला पुसला.

मी उठलो. हात पुढे केला. म्हणालो, अभिनंदन.

हात तसाच राहिला.

"एक विचारू?" तो म्हणाला. गोंगाट होता, पण आमच्या टेबलाभोवती तो कमी होत गेला. "'उपरोक्त सभासद राखाडी कोट परिधान करून फाटकाच्या डाव्या अंगास उभा होता.' तुझं वाक्य. निकालानंतर कागद हाती आला तेव्हा वाचलं; आता पाठ आहे. विटा वाहताना मी ते म्हणायचो, लोक रोझरीचा जप करतात तसं."

"अहवालात तसे लिहिले आहे," मी म्हणालो.

"लिहिलंय ते ठाऊक आहे. कोट कुठला?"

"प्रकरणाचा निकाल तेव्हाच लागला आहे, मॉसी."

"माझे वडील जुलैत गेले. तू डब्लिनला होतास. माझ्याकडे कोट एकच होता, तो अंत्यविधीसाठी काळा रंगवून घेतला. वर्षभर काळा घातला. अख्ख्या गावानं चर्चमध्ये बघितला. राखाडी कोट सप्टेंबरात जगात नव्हताच रे मास्तर. तू कुणाला बघितलंस?"

मी म्हणालो, एक्कावन्न वर्षांपूर्वीच्या रंगाबद्दल मी बारमध्ये साक्ष देणार नाही.

"नकोच देऊस," तो म्हणाला. "तेव्हा दिलीस तेवढी पुष्कळ झाली." आणि मोठ्याने, सगळ्यांना: "मास्तरांचा चहा माझ्याकडून! एक्कावन्न वर्षांनी आज सामना आणि चहा, दोन्ही आपले!"

पुन्हा हशा. आम्ही निघालो. उतारावर अट्रॅक्टा पुढे, माझ्यापेक्षा वेगाने. गुडघ्यांना काय झाले होते, कोण जाणे.

खोलीवर आल्यावर, बारमध्ये सोबत नेलेले वर्तमानपत्र उघडले तर आत त्याची वही. टेबलावरून उचलताना घडीत आली असावी. पेन्सिलसुद्धा. टपालाने परत पाठवावी लागेल.

त्या मनुष्याची वृत्ती सुधारलेली नाही. जिंकल्याचा आनंदही त्याने नासवला. आज किल्टूमीत होळ्या पेटल्या असतील, फ्लॅनचे सतरा संदेश आले आहेत, सगळे अशुद्ध. एकालाही उत्तर दिलेले नाही.


सोमवार, २३ ऑक्टोबर

अट्रॅक्टा बोलत नाही. मी हवा, पाव, उद्याचे विमान हे तिन्ही विषय काढून पाहिले.

अकरा वाजता, बॅग भरता भरता, माझ्याकडे न पाहता तिने एक वाक्य उच्चारले.

"तो कोट मी रंगवला होता. आईच्या मोठ्या पातेल्यात. आठवडाभर माझी नखं काळी होती."

मी म्हणालो, तू हे आजवर कधी बोलली नाहीस.

"कोटाचं कुणी मला सांगितलंच नाही. सभेत बायका नव्हत्या. मला एवढंच सांगितलं होतं, मालॅकीनं डोळ्यांनी बघितलं. मालॅकी बघितल्याशिवाय बोलत नाही, असं मी माझ्या वडिलांना सांगितलं. तुझ्याशी लग्न ठरवताना."

मग ती वाळूवर गेली. खुर्ची एकच नेली.


मंगळवार, २४ ऑक्टोबर

विमानतळाची गाडी नऊला सुटते. अट्रॅक्टाला म्हणालो, तू हो पुढे. मॉसीचा बार दहाला उघडतो. त्याच्या वहीच्या पहिल्या पानावर पेन्सिलीने लिहिले आहे, खाली सही केली आहे; नक्कल येथे उतरवतो:

'सप्टेंबर १९६६ च्या पहिल्या रविवारी मी, मालॅकी कॉन्सिडाइन, लिमरिकला गेलो नव्हतो. बस दहा मिनिटे आधी सुटली होती. मी चौफुल्यावर पोहोचलो तेव्हा तिचा धूर अजून रस्त्यावर होता.'